पाच वॅटचा व्हॉल्व्ह गिटार ॲम्प्लिफायर घरी कसा बांधावा

गिटारवादकांमध्ये 'बुटीक ॲम्प' हा शब्द विशेष मानाने उच्चारला जातो. मोठ्या कंपन्या छापील सर्किट बोर्डांकडे वळल्या, तरी अमेरिकेतील काही कारागीर प्रत्येक ॲम्प्लिफायर हाताने, एकेक तार जोडून बांधत राहिले. कॅलिफोर्नियातील अलेक्झांडर डंबल आणि न्यू जर्सीतील केन फिशर ही त्यांतील सर्वांत आदराने घेतली जाणारी नावे. त्यांनी बांधलेले नग आज सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर आहेत, पण ती कारागिरी ज्या पायावर उभी राहिली ती १९५० च्या दशकातील सर्किटे अगदी साधी आणि सर्वांना ठाऊक आहेत. १९६२ मध्ये लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातून बाहेर पडलेला जेटीएम४५ हासुद्धा फेंडर कंपनीच्या बासमन या ॲम्प्लिफायरच्या आराखड्यावरूनच घडला होता. हाताने बांधलेल्या ॲम्प्लिफायरची गुणवत्ता महागड्या सुट्या भागांत फारशी नसते. ती आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये, तारांच्या मांडणीत आणि मीटर हातात घेऊन केलेल्या तपासणीत असते, आणि या तीनही गोष्टी घरी साधता येतात, असे माझे मत आहे.

नवशिक्याने पहिल्या कामासाठी फेंडरच्या 'चॅम्प' या लहान ॲम्प्लिफायरचे ५एफ१ हे सर्किट निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्यात तीन व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) आहेत: सुरुवातीच्या वर्धनासाठी १२एएक्स७, शक्तीसाठी ६व्ही६जीटी आणि एसीचा डीसी करण्यासाठी ५वाय३जीटी. आवाजाचे एकच बटण आहे, आणि रेझिस्टर व कपॅसिटर मिळून सुटे भाग साधारण दीड डझनच आहेत. त्याची शक्ती सुमारे ५ वॅट आहे. हा आकडा ऐकून निराश होऊ नये, कारण चांगल्या स्पीकरवर ५ वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर पूर्ण उघडला, तर इमारतीतील शेजारी नक्की दार ठोठावतील.

आधी जिवाची काळजी

या ॲम्प्लिफायरच्या आत ३०० ते ४५० व्होल्ट डीसी खेळत असतो आणि त्याच्या झटक्याने माणूस दगावू शकतो. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरांमध्ये, म्हणजे डीसी सपाट करणाऱ्या कपॅसिटरांमध्ये, हा विद्युतभार साठून राहतो, म्हणून पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या दोन टोकांवर २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडावा. वीज बंद केल्यावर तो साठलेला भार सुमारे मिनिटभरात उतरवतो. मूळ आराखड्यात हा रेझिस्टर नाही, तरीही तो वगळू नये. शिवाय त्याच्यावर आंधळा विश्वासही ठेवू नये. चॅसीला, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला, हात लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी मीटरने व्होल्टेज मोजावे आणि ते १० व्होल्टच्या खाली आल्यावरच आत हात घालावा.

वीज चालू असताना मोजमाप करावे लागते. अशा वेळी मीटरची काळी तार क्रोकोडाइल क्लिपने चॅसीला आधीच पकडवून ठेवावी, उजव्या हातात लाल तार धरावी आणि डावा हात खिशात किंवा पाठीमागे ठेवावा, म्हणजे प्रवाहाला एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हाताकडे जाण्याची वाट मिळत नाही. पायात कोरडी रबरी चप्पल असावी, अंगठी आणि कडे काढून ठेवावे, आणि मुख्य स्विच कुठे आहे हे ठाऊक असलेली एखादी व्यक्ती घरात असावी. मीटर किमान ६०० व्होल्ट डीसी मोजणारा व चांगल्या आवरणाच्या तारांचा असावा. ज्याने सोल्डरिंग आणि मल्टिमीटर कधीच हाताळलेले नाहीत, त्याने आधी बॅटरीवर चालणारे एखादे गिटार पेडल बांधावे आणि मगच या कामाकडे यावे.

अर्थिंगची तपासणीही याच टप्प्यावर करावी. जुन्या चाळींत आणि वाड्यांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण त्यातील अर्थची तार कित्येकदा कुठेच जोडलेली नसते. फेज आणि अर्थ यांमधील व्होल्टेज हे फेज आणि न्यूट्रल यांमधील व्होल्टेजएवढेच आले पाहिजे. तसे येत नसेल, तर वायरमनला बोलावून अर्थिंग दुरुस्त करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या चॅसीला जोडलेल्या असतात आणि वादकाची बोटे त्या तारांवर असतात.

सिग्नलचा प्रवास

आपण काय जोडत आहोत हे समजले की चुका निम्म्याने कमी होतात. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडकडून प्लेटकडे इलेक्ट्रॉन जातात आणि मधली ग्रिड ही जाळी त्यांना आवरते. गिटारचा सिग्नल जॅकमधून ६८ किलोओहमच्या रेझिस्टरमार्गे १२एएक्स७ च्या पहिल्या अर्ध्या भागाच्या ग्रिडवर येतो, आणि जॅकवर १ मेगओहमचा रेझिस्टर जमिनीकडे, म्हणजे चॅसीला जोडलेल्या शून्य व्होल्टच्या बिंदूकडे, जातो. या अर्ध्या भागाच्या प्लेटवर १०० किलोओहम आणि कॅथोडवर १.५ किलोओहम असतात. प्लेटवरचा वाढलेला सिग्नल ०.०२२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून १ मेगओहमच्या व्हॉल्यूम पोटेन्शिओमीटरवर येतो आणि तिथून १२एएक्स७ च्या दुसऱ्या अर्ध्या भागात जातो. त्याचीही प्लेट १०० किलोओहमवर आणि कॅथोड १.५ किलोओहमवर असतो. पुन्हा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो, आणि त्यातून सिग्नल ६व्ही६ च्या ग्रिडवर पोहोचतो. या ग्रिडवरून २२० किलोओहम जमिनीकडे जातात. ६व्ही६ च्या कॅथोडवर ४७० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. ६व्ही६ ची प्लेट आउटपुट ट्रान्सफॉर्मरला आणि ट्रान्सफॉर्मर स्पीकरला जोडलेला असतो.

याखेरीज एक वाट उलटी जाते. स्पीकरच्या जॅकवरून २२ किलोओहमचा एक रेझिस्टर १२एएक्स७ च्या दुसऱ्या अर्ध्या भागाच्या कॅथोडवर येतो. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. त्याने आवाज थोडा सावरलेला आणि स्वच्छ राहतो. हा रेझिस्टर काढला तर आवाज अधिक उर्मट आणि लवकर फाटणारा होतो, म्हणून अनेक बांधणारे तिथे एक लहान स्विच बसवतात. पहिल्या बांधणीत मात्र मूळ आराखडा जसाच्या तसा ठेवावा.

वीजपुरवठ्याची बाजूही सरळ आहे. ५वाय३ मधून आलेला डीसी पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर पोहोचतो आणि तिथूनच आउटपुट ट्रान्सफॉर्मरला जातो. पुढे १० किलोओहमच्या रेझिस्टरनंतर दुसरा कपॅसिटर येतो, त्यावरून ६व्ही६ च्या स्क्रीनला (ग्रिड आणि प्लेट यांमधल्या दुसऱ्या जाळीला) पुरवठा होतो. त्यानंतर २२ किलोओहम आणि तिसरा कपॅसिटर, आणि त्यावरून १२एएक्स७ च्या दोन्ही प्लेटना. मूळ मूल्ये १६, ८ आणि ८ मायक्रोफॅरड अशी होती, आज २२, १० आणि १० सहज मिळतात. पहिला कपॅसिटर याहून फार मोठा घेण्याचा मोह टाळावा, कारण तो भरताना ५वाय३ मधून एकदम जो मोठा प्रवाह ओढला जातो, त्याने त्या व्हॉल्व्हचे आयुष्य घटते.

ट्रान्सफॉर्मर: पैसा आणि लक्ष इथे घालावे

परदेशातून चॅम्पचा तयार संच मागवायचा असेल, तर पॉवर ट्रान्सफॉर्मर २३० किंवा २४० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आहे याची आधी खात्री करावी. अमेरिकेतील घरांसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो आणि तो आपल्या सॉकेटला लावला तर तत्काळ जळतो. दुसरा मार्ग गुंडाळून घेण्याचा आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेचा परिसर ही इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाची जुनी ठिकाणे आहेत, आणि अशा बाजारांत ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्यांचा पत्ता मिळू शकतो.

पॉवर ट्रान्सफॉर्मरसाठी तीन दुय्यम गुंडाळ्या सांगाव्यात: ३००-०-३०० व्होल्ट (७० मिलिॲम्पिअर), ५ व्होल्ट (२ ॲम्पिअर) आणि ६.३ व्होल्ट (२ ॲम्पिअर). मूळ चॅम्पमध्ये उच्च दाबाची गुंडाळी याहून थोडी जास्त व्होल्टची होती, परंतु आपल्याकडील वीज कित्येकदा २४० ते २५० व्होल्टपर्यंत चढते, म्हणून मी ३०० वर थांबतो. प्राथमिक गुंडाळीला २३० आणि २५० असे दोन टॅप काढून घेतले, तर पुढे फार सोय होते. ५वाय३ तात्काळ तापतो आणि ६व्ही६ ला तापायला वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीचे काही सेकंद प्रवाह ओढला जात नसताना व्होल्टेज ३०० च्या १.४१४ पट, म्हणजे ४२४ पर्यंत जाते. मुख्य वीज चढलेली असेल तर ते ४६० च्याही आसपास पोहोचते. म्हणून फिल्टर कपॅसिटर ४५० व्होल्टचे न घेता ५०० व्होल्टचे घ्यावेत.

आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर. त्याची प्राथमिक बाजू ८ किलोओहम आणि दुय्यम बाजू ४ ओहम असावी. याचा अर्थ फेऱ्यांचे गुणोत्तर ८००० भागिले ४ याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४४.७ असते. गुंडाळणाऱ्याला हे गुणोत्तर सांगावे, प्राथमिक गुंडाळीतून सतत ५० मिलिॲम्पिअर डीसी वाहणार आहे हेही सांगावे, आणि गाभ्यात हवेची फट हवी हे ठासून सांगावे. या शेवटच्या मुद्द्यावर मी स्वतः ठेच खाल्ली आहे. माझ्या पहिल्या ॲम्प्लिफायरसाठी मी ज्यांच्याकडून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, त्यांना आयुष्यभर बॅटरी चार्जर आणि स्टॅबिलायझर यांचीच सवय होती. त्यांनी नेहमीप्रमाणे ई आणि आय आकाराची स्टॅम्पिंग (गाभ्याच्या लोखंडी पट्ट्या) एकाआड एक उलटसुलट भरली. एकाच व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये डीसी एकाच दिशेने वाहतो आणि त्याला तोडीस तोड असा दुसऱ्या बाजूचा प्रवाह नसतो, त्यामुळे फट नसलेला गाभा चुंबकत्वाने भरून जातो. माझ्या ॲम्प्लिफायरचा खालचा सूर नाहीसा झाला आणि आवाज टिनाच्या डब्यातून आल्यासारखा येऊ लागला. आठवडाभर मी व्हॉल्व्ह आणि कपॅसिटर बदलत राहिलो. अखेर स्टॅम्पिंग उघडून सगळी ई एका बाजूला आणि सगळी आय दुसऱ्या बाजूला रचली आणि मध्ये पातळ कागद ठेवला, तेव्हा त्याच ट्रान्सफॉर्मरमधून भरदार आवाज निघाला. ही चूक त्या कारागिराची नव्हती, नेमके काय हवे ते मी सांगितले नव्हते.

ट्रान्सफॉर्मर हाती आल्यावर त्याचे गुणोत्तर तपासावे. लहान ट्रान्सफॉर्मरमधून १२ व्होल्ट एसी प्राथमिक बाजूला द्यावा, दुय्यम बाजूला सुमारे ०.२७ व्होल्ट दिसले पाहिजेत. हे उलटे कधीही करू नये, कारण दुय्यम बाजूला १२ व्होल्ट दिले तर प्राथमिक बाजूला पाचशेहून अधिक व्होल्ट उभे राहतात.

व्हॉल्व्ह आणि बाकीचे सामान

नवे व्हॉल्व्ह आजही बनतात. स्लोव्हाकियातील जेजे, तसेच रशिया आणि चीन येथील कारखान्यांचा माल सहज मागवता येतो. एके काळी बंगळुरूत भारत इलेक्ट्रॉनिक्स रेडिओचे व्हॉल्व्ह बनवत असे, त्यामुळे जुन्या रेडिओमध्ये आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या वयस्कर मेकॅनिकांच्या खोक्यांत बीईएलचे व्हॉल्व्ह अजून सापडतात. ईसीसी८३ हे १२एएक्स७ चेच युरोपीय नाव आहे, तेव्हा तो मिळाला तर निःशंक वापरावा. मात्र ईएल८४ हा ६व्ही६ च्या जागी बसत नाही, त्याचे सॉकेट आणि मूल्ये दोन्ही वेगळी आहेत. जुन्या रेडिओवाल्यांशी ओळख करून घ्यावी असे मी प्रत्येकाला सांगतो, कारण नुसत्या गुंजनावरून दोष ओळखणारे कान त्यांच्यापाशी आहेत.

प्लेटवरचे १०० किलोओहमचे आणि वीजपुरवठ्यातील रेझिस्टर १ ते २ वॅटचे, ६व्ही६ च्या कॅथोडवरचा ४७० ओहमचा ५ वॅटचा, आणि बाकीचे अर्ध्या वॅटचे घ्यावेत. ०.०२२ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर ६३० व्होल्टचे असावेत. कॅथोडवरचा कपॅसिटर ५० व्होल्टचा घेतला म्हणजे पुरे. जुन्या काळच्या महागड्या कपॅसिटरांवर पहिल्याच बांधणीत पैसे घालवू नयेत. व्हॉल्यूमचे पोटेन्शिओमीटर लॉग प्रकारचे असावे.

चॅसी आणि मांडणी

चॅसी दीड ते दोन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची, चार बाजूंनी दुमडलेली घ्यावी. फॅब्रिकेशनच्या दुकानात ती सहज वाकवून मिळते. सॉकेटची भोके कागदी आकड्यांवरून पाडू नयेत, सॉकेट हातात घेऊन व्हर्निअरने मोजून पाडावीत. सर्व धातूकाम सुटे भाग बसवण्यापूर्वीच पूर्ण करावे, कारण ॲल्युमिनियमचा एक बारीक कीस सॉकेटमध्ये अडकला तरी पुढे ठिणगी पडते.

दोन्ही ट्रान्सफॉर्मर कुठे ठेवायचे हे ठरवण्याची एक सुंदर जुनी रीत आहे. पॉवर ट्रान्सफॉर्मर चॅसीवर बसवावा, त्याच्या दुय्यम तारांची सर्व टोके वेगवेगळी करून टेपने बंद करावीत आणि फक्त प्राथमिक बाजूला वीज द्यावी. आउटपुट ट्रान्सफॉर्मर कशालाही न जोडता त्याच्या दुय्यम बाजूला हेडफोन लावावा आणि तो चॅसीवर निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या कोनांत फिरवून ऐकावे. एका विशिष्ट जागी आणि कोनात, बहुधा पॉवर ट्रान्सफॉर्मरशी काटकोनात, गुंजन जवळजवळ नाहीसे होते. तिथे खूण करून भोके पाडावीत.

सुटे भाग बसवण्यासाठी फेंडर कंपनी फायबरच्या पट्टीवर पितळी आयलेट ठोकत असे. फायबर दमट हवेत ओल धरतो आणि उच्च दाबावर त्यातून गळती सुरू होते, म्हणून आपल्याकडच्या, विशेषतः कोकण किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात ग्लास इपॉक्सीची पट्टी कितीतरी बरी. जुन्या रेडिओत असायच्या तशा टॅग स्ट्रिपवरही हे सर्किट उत्तम बसते. पट्टीची मांडणी सिग्नलच्या प्रवासाच्या क्रमानेच ठेवावी: एका टोकाला इनपुट जॅक आणि १२एएक्स७, मध्ये ६व्ही६, आणि दुसऱ्या टोकाला ५वाय३ व फिल्टर कपॅसिटर. इनपुटची तार कधीही आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या तारांजवळून नेऊ नये.

सोल्डरिंगचा क्रम

प्रथम मुख्य विजेची बाजू पूर्ण करावी. फेजची तार आधी ५०० मिलिॲम्पिअरच्या टाइम-लॅग फ्यूजला, तिथून स्विचला आणि मग ट्रान्सफॉर्मरला जावी. अर्थची हिरवी तार स्वतंत्र बोल्टने, दातेरी वॉशर घालून चॅसीला घट्ट बसवावी आणि त्या बोल्टवर दुसरे काहीही जोडू नये.

त्यानंतर फिलामेंटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तंतूंच्या, तारा. ६.३ व्होल्टच्या दोन तारा एकमेकींवर घट्ट पिळून चॅसीच्या कोपऱ्यातून न्याव्यात. ६व्ही६ च्या २ आणि ७ क्रमांकाच्या पिनांना त्या जोडाव्यात. १२एएक्स७ च्या ४ आणि ५ एकत्र करून त्यांना एक तार आणि ९ ला दुसरी तार द्यावी. दोन्ही तारांवरून १०० ओहमचा एकेक रेझिस्टर जमिनीला जोडला की गुंजन बरेच कमी होते. ५ व्होल्टची गुंडाळी ५वाय३ च्या २ आणि ८ क्रमांकांना जाते, ३०० व्होल्टची दोन टोके ४ आणि ६ ला, मधले टोक जमिनीला, आणि उच्च दाबाचा डीसी ८ वरून बाहेर पडतो. पिना नेहमी सॉकेटच्या खालच्या बाजूने, खाचेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजाव्यात. वरून मोजण्याची चूक नवशिक्याकडून हमखास होते.

उरलेल्या पिनाही इथेच नोंदवतो. १२एएक्स७ च्या पहिल्या अर्ध्या भागाची प्लेट १, ग्रिड २ आणि कॅथोड ३ वर आहे, दुसऱ्या भागाची अनुक्रमे ६, ७ आणि ८ वर. ६व्ही६ ची प्लेट ३, स्क्रीन ४, ग्रिड ५ आणि कॅथोड ८ वर असतो.

जमिनीच्या जोडण्यांवर सर्वांत जास्त विचार करावा. ट्रान्सफॉर्मरचे मधले टोक, पहिला फिल्टर कपॅसिटर, ६व्ही६ चा कॅथोड रेझिस्टर आणि स्पीकरचा जॅक या सर्वांची जमीन पॉवर ट्रान्सफॉर्मरजवळच्या एका ठिकाणी आणावी. १२एएक्स७ आणि व्हॉल्यूम यांची जमीन, तसेच तिसऱ्या फिल्टर कपॅसिटरची ऋण बाजू, हे सारे इनपुट जॅकजवळच्या दुसऱ्या ठिकाणी आणावे. फिल्टर कपॅसिटर भरताना जो धक्के देणारा प्रवाह वाहतो, त्याने नाजूक सिग्नलच्या जमिनीवरून जाऊ नये, एवढाच यामागचा हेतू आहे.

सोल्डर रोझिन असलेले, ६०-४० चे वापरावे आणि डबीतली आम्लयुक्त पेस्ट या कामाच्या जवळपासही आणू नये, ती काही महिन्यांत जोड कुरतडते. आधी तार टॅगला वळसा घालून पक्की करावी, मग जोड तापवावा आणि तापलेल्या जोडावर सोल्डर वितळू द्यावे. आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवून ते जोडावर टाकले की कोरडा जोड तयार होतो. फेंडरच्या कारखान्यात तारा जोडणाऱ्या स्त्रिया चॅसीच्या आत चिकटपट्टीच्या तुकड्यावर आपले नाव लिहीत असत. सत्तर वर्षांनंतरही त्यांचे जोड टिकून आहेत, हे मी सोल्डरिंग करताना नेहमी आठवतो.

पहिल्यांदा वीज देताना

सर्व जोडण्या कागदावरील आराखड्याशी ताडून पाहाव्यात आणि तपासलेली प्रत्येक जोडणी रंगीत पेन्सिलने आराखड्यावर गिरवावी. हे काम त्याच रात्री न करता दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी करावे. नंतर वायरमन वापरतात तसा सिरीज लॅम्प, म्हणजे ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत एकसरीत जोडलेला बल्ब, घ्यावा. त्यात ६० ते १०० वॅटचा तारेचा बल्ब असावा, एलईडी चालत नाही. ॲम्प्लिफायरमध्ये कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो.

पहिल्या फेरीत एकही व्हॉल्व्ह न लावता वीज द्यावी आणि सर्व दुय्यम गुंडाळ्यांचे एसी व्होल्टेज मोजावे. बल्ब जवळजवळ विझलेला राहिला पाहिजे. दुसऱ्या फेरीत १२एएक्स७ आणि ६व्ही६ लावावेत, ५वाय३ नको. फिलामेंट नारिंगी उजळतील, पण उच्च दाब नसेल. तिसऱ्या फेरीपूर्वी स्पीकर जोडलेला आहे याची दोनदा खात्री करावी. स्पीकरशिवाय सिग्नल दिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूला प्रचंड व्होल्टेज उसळते आणि त्याची गुंडाळी आतून फुटते. मग ५वाय३ लावून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून वीज द्यावी. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, वास किंवा धूर आला नाही, तर बंद करून, मिनिटभर थांबून, सिरीज लॅम्प काढावा आणि थेट वीज द्यावी.

आता मोजमापे. पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर ३२० ते ३४० व्होल्टच्या आसपास, स्क्रीनवर त्याहून साधारण ४० ते ५० व्होल्ट कमी, १२एएक्स७ च्या प्लेटवर १४० ते १९० आणि त्याच्या कॅथोडवर सुमारे दीड व्होल्ट अपेक्षित आहे. ६व्ही६ च्या ५ क्रमांकाच्या पिनेवर डीसी शून्य असला पाहिजे. तिथे काही व्होल्ट दिसले तर आधीचा ०.०२२ चा कपॅसिटर गळतो आहे.

सर्वांत महत्त्वाचे गणित ६व्ही६ च्या तापाचे आहे. समजा, कॅथोडवर १९ व्होल्ट आहेत आणि प्लेटवर ३२५. एकोणीस भागिले ४७० म्हणजे सुमारे ४० मिलिॲम्पिअर. त्यातून स्क्रीनचे ३ वजा करावेत, राहिले ३७. प्लेट आणि कॅथोड यांतील फरक ३०६ व्होल्ट. त्याला ०.०३७ ने गुणले की ११.३ वॅट येतात. ६व्ही६ ची मूळ मर्यादा १२ वॅट आहे, म्हणजे आपण सुरक्षित आहोत. उत्तर १२ च्या वर गेले, तर ४७० च्या जागी ५६० ओहम लावून पुन्हा मोजावे. हे गणित मुख्य वीज किती आहे ते मोजूनच करावे, कारण रात्री उशिरा वीज चढली की सगळेच आकडे वर सरकतात.

आवाजातील दोष ओळखणे

पहिल्यांदा गिटार लावल्यावर कर्कश शिट्टी ऐकू आली तर घाबरू नये. फीडबॅकची दिशा उलटी झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. वीज बंद करून, भार उतरवून, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूच्या दोन तारांची अदलाबदल केली की ती थांबते.

गुंजनाचा स्वर ओळखण्यासाठी गिटारच हाताशी असते. सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी हा सूर ९८ हर्ट्झचा आहे. ५वाय३ एसीच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो, त्यामुळे फिल्टर कपॅसिटरमधील दोषाचे गुंजन १०० हर्ट्झचे, म्हणजे जवळजवळ याच सुराचे असते. त्याहून एक सप्तक खाली, ५० हर्ट्झचे गुंजन आले तर फिलामेंटच्या तारा किंवा इनपुटची तार संशयास्पद समजावी. गुंजन व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर दोष व्हॉल्यूमच्या आधी आहे, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही ते तसेच राहत असेल तर नंतर. चालू ॲम्प्लिफायरच्या तारा किंचित हलवून पाहायच्या असतील, तर कोरडी लाकडी काडीच वापरावी. त्याच काडीने १२एएक्स७ वर हलकेच टिचकी मारावी. घंटेसारखा नाद आला तर तो व्हॉल्व्ह बदलावा.

६व्ही६ ची प्लेट लाल होताना दिसली, तर क्षणाचाही विलंब न लावता वीज बंद करावी. बहुधा २२० किलोओहमचा रेझिस्टर सुटलेला असतो किंवा कॅथोडवरचा कपॅसिटर उलटा लागलेला असतो.

खोके

मूळ चॅम्पचे खोके पाइनच्या लाकडाचे होते आणि त्यात आठ इंची स्पीकर असे. आयात मालाच्या पॅकिंगमधून निघालेले पाइन आपल्याकडे मिळते आणि या कामाला ते उत्तम आहे. प्लायवूडचे खोके मजबूत होते, पण पाइन स्पीकरसोबत थोडे थरथरते आणि त्या थरथरीचा आवाजात वाटा असतो. मागची बाजू अर्धी उघडी ठेवावी, म्हणजे व्हॉल्व्हची उष्णताही निघून जाते. जागा असेल तर आठऐवजी दहा किंवा बारा इंची, ४ ओहमचा, जास्त संवेदनशील स्पीकर लावावा. ५ वॅटमध्ये आवाजाचा भरदारपणा इतक्या स्वस्तात दुसऱ्या कशाने वाढत नाही.

खोके पूर्ण झाल्यावर ॲम्प्लिफायर रोज तासभर याप्रमाणे आठवडाभर वाजवावा आणि सर्व व्होल्टेज पुन्हा मोजावीत. फेंडर खोक्याच्या आत व्हॉल्व्हची यादी छापलेला कागद चिकटवत असे. त्याच जागी आपला कागद लावावा आणि त्यावर तारीख, त्या वेळची मुख्य विजेची पातळी आणि प्रत्येक पिनेवर मोजलेले व्होल्टेज लिहून ठेवावे. दहा वर्षांनी हा ॲम्प्लिफायर ज्याच्या टेबलावर दुरुस्तीला येईल, तो सर्वांत आधी हाच कागद वाचेल.